ब्रेकची झडप आणि जुनी मोटार



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक विषय आपण ऐकता. आज आम्ही मोटारीच्या ब्रेकमधील एका चिमुकल्या झडपेविषयी बोलणार आहोत. विषय लहान खरा. परंतु गाडीत बसलेल्यांचा आणि रस्त्याने पायी जाणाऱ्यांचा, दोघांचाही जीव तिच्याशी बांधलेला आहे.

आपल्या सर्वांच्या परिचयाची ॲम्बॅसडरच घ्या. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून ती घडली, पश्चिम बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती तयार होई, आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. अशी एखादी वडिलोपार्जित गाडी हौसेने बाहेर काढली जाते. रंग होतो, गाद्या होतात, पितळ-पोलाद चकाकू लागते. ब्रेकची आठवण सर्वांत शेवटी होते. हा क्रम उलटा हवा, एवढेच आमचे सांगणे आहे.

याचे कारण त्या यंत्राच्या रचनेतच आहे. पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेकचे तेल नळ्यांतून चाकांकडे ढकलतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. तोच येथे राबतो. परंतु त्या काळच्या अशा गाडीत चारही चाकांना मिळून तेलाचा मार्ग एकच असे. म्हणजे गळती एका ठिकाणी झाली, तरी ब्रेक चारही चाकांचे जातात!

गळती दोन प्रकारची. एक दिसणारी: चाकाच्या आतल्या बाजूला ओल येते, जमिनीवर डाग पडतो, टाकीतले तेल उतरते. दुसरी न दिसणारी, आणि म्हणून अधिक फसवी. तेल थेंबभरही कमी होत नाही. पण पेडलवर पाय रोवून ठेवला की ते हळूहळू खाली जाते. याचा अर्थ, दट्ट्यापुढील रबरी वाटी तेल मागे सोडते आहे. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक झडप असते. पाय काढल्यावरही नळ्यांत थोडा दाब राखणे हे तिचे काम. ब्रेकचे जोडे नीट जुळवलेले आहेत, नळ्यांत हवा नाही, आणि तरीही गाडी थोडा वेळ उभी राहिली की पेडल दोन-तीनदा मारावे लागते, तर संशय या झडपेवर घ्यावा. हा दोष बहुधा वयाचा असतो; रबर म्हातारे होते.

उपाय काय? नुसते तेल भरत राहणे हा उपाय नव्हे. सिलिंडर उतरवून पूर्ण उघडावा. आतली भिंत उजेडात पाहावी, नख फिरवून पाहावे. खड्डे पडले असतील, तर नवी वाटीही गळणारच. तेथे सिलिंडर बदलावा किंवा त्यात नवे अस्तर बसवून घ्यावे. भिंत गुळगुळीत असेल, तर झडप, वाट्या, स्प्रिंग, सगळा संच एकदम नवा घालावा. एक रबर थकले, तेव्हा त्याच्या सोबत्यांचेही वय झालेले असते.

आता आपल्याकडील एक जुनी सवय. लोखंडी भाग दिसला की तो रॉकेलमध्ये बुडवायचा! ब्रेकच्या रबराला रॉकेल, पेट्रोल, इंजिनचे तेल म्हणजे विषच. ते फुगते आणि सिलिंडरमध्ये अडकते. हे भाग स्पिरिटने किंवा ब्रेकच्याच ताज्या तेलाने धुवावेत. हे तेलही मोठे पाणीपिपासू. आपल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा हवेतली ओल शोषून घेतो. डॉट तीन जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० आहे. घाटाच्या उतरणीवर ब्रेक तापले की अशा तेलाची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाते.

जोडणी झाल्यावर सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढावी. बाहेर आलेले तेल पुन्हा वापरू नये. दट्ट्या आणि त्याला ढकलणारी दांडी यांत किंचित मोकळीक ठेवावी. नाहीतर तेल परतीचे छिद्र झाकले जाऊन ब्रेक लागलेलेच राहतात. मग मिनिटभर पेडल घट्ट दाबून धरावे. ते तसूभरही हलले नाही, तरच गाडी मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या गतीने, चालवून पाहावी.

जीर्णोद्धार या शब्दाला आपल्याकडे मान आहे. देवळाचा जीर्णोद्धार करणारा पाया तपासतो आणि मग कळस चढवतो. मोटारीचा पाया तिच्या थांबण्यात आहे. ज्या गाडीचे पेडल पायाखाली ठाम राहते, तिचा रंग थोडा उडालेला असला तरी चालेल. ती आपल्या घरच्या माणसांना आणि परक्याच्या लेकरालाही सुखरूप ठेवील.