व्यक्ती मोठी की कायदा मोठा?

(टेंभुर्णी येथील धम्मसभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



आज मी अमेरिकेचे ४४ वे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकिर्दीविषयी बोलणार आहे. टेंभुर्णीच्या सभेत अमेरिकेचे काय काम, असे कोणी विचारील. ८ नोव्हेंबर २०१० रोजी दिल्लीस आपल्या संसदेपुढे बोलताना या गृहस्थांनी परमपूज्य बाबासाहेबांचे नाव आदराने उच्चारले. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतपेटीजवळ फिरकू देत नसत. त्याच देशाने २००८ साली कृष्णवर्णीय पित्याचा पुत्र सर्वोच्च पदी निवडला. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आनंद मानून थांबणे आपल्याला परवडणारे नाही. २००९ ते २०१७ या आठ वर्षांचे मागे काय उरले, ते पाहिले पाहिजे. २०१० साली ओबामांनी आरोग्यविम्याचा कायदा संमत करून घेतला व त्याने सुमारे २ कोटी लोकांना विमा मिळाला. २०१७ साली विरोधकांनी तो मोडू पाहिला. सिनेटमध्ये त्यांचा डाव फसला. उलट हवामानाविषयीच्या पॅरिस करारात त्यांनी देशाला सामील केले ते केवळ स्वतःच्या अधिकारात. पुढील राष्ट्राध्यक्षांनी २०१७ सालीच त्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली. एका सहीने दिलेले दुसऱ्या सहीने जाते, ते असे.

मग कायदा झाला म्हणजे निश्चिंत व्हावे काय? तसेही नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळातील १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, कृष्णवर्णीयांचे मत हिरावणाऱ्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे भाग पाडले होते. २५ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, ती राज्ये ठरविणारे कलम रद्द केले. त्याच दिवशी टेक्सासने मतदारांवरील ओळखपत्राची अडलेली सक्ती अमलात आणण्याचे जाहीर केले. आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होते? ओबामाच! आपला माणूस उच्चपदी बसला म्हणजे आपले हक्क सुरक्षित झाले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. राजकारणातील विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितला होता, तो याचसाठी.

आता आपल्या घरचा हिशेब पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. म्हणून १९५६ साली ज्यांनी दीक्षा घेतली, ते केंद्राच्या लेखी अनुसूचित जातींतून बाहेर पडले. १९६० साली महाराष्ट्र सरकारने सवलती दिल्या, त्या राज्यापुरत्याच. संसदेने कायदा करून आदेशात बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. मध्ये ३४ वर्षे गेली. एका पिढीची केंद्रातील नोकरीची संधी गेली.

एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क आपण वापरतो काय? नव्याने दीक्षा घेतलेली कित्येक कुटुंबे सवलत जाईल या भयाने कागदावर अजूनही ‘हिंदू’ लिहितात. ज्यांची मूळ जात राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, त्यांनी हे भय टाकून द्यावे. जनगणनेचा कर्मचारी दारी आला तर धर्म ‘बौद्ध’ असे निर्भयपणे सांगा. जातीच्या दाखल्याचा अर्ज करताना धर्म आणि मूळ जात दोन्ही स्पष्ट लिहा. वाडवडिलांचे शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे कागद पेटीत जपून ठेवा. पडताळणीच्या वेळी तेच साक्ष देतील. माढ्याच्या तहसील कचेरीत कोणी अर्ज घेण्याचे नाकारले, तर नकार लेखी मागा.

ओबामांचा आदर अवश्य करा. परंतु आपले राखणदार आपणच आहोत, हे विसरू नका.

जय भीम!