घरटं विणतो तो, पसंत करते ती

पाऊस लागला की विहिरीवरच्या बाभळीला, ओढ्याकाठच्या शिंदीला सुगरणीची घरटी लोंबायला लागतात. आपण म्हणतो, काय हाताची कला आहे हिच्या! बहिणाबाईंनीसुद्धा तिच्यावर कविता केली. पण खरं सांगू का, ते घरटं ती विणत नाही. विणतो तो नर, डोक्यावर पिवळाधमक रंग चढलेला. गवताच्या किंवा भाताच्या पातीला तो कडेला खाच पाडतो, टोक चोचीत धरून उडतो, की लांब पट्टी सोलून येते. एका घरट्यासाठी अशा शेकडो खेपा!

पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सलीम अली यांनी 1930 च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला आडोशाला बसून दिवसच्या दिवस हे पाहिलं. नर आधी घरटं अर्धंच विणतो, उलट्या टोपीसारखं. मग माद्या येतात. त्या बघतात, आत शिरतात. नर पंख फडफडवतात, कलकलाट करतात. घरटं कुणालाच पटलं नाही तर तो ते तसंच टाकून दुसरं विणायला घेतो. एखादीला पसंत पडलं, तरच तो अंडी ठेवायची जागा आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात पोहे कोण करतं आणि नापसंती कोण कळवतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ती बघते तरी काय? पुढच्या अभ्यासांत दिसलं की विणीपेक्षा ती जागा जास्त बघते. घरटं उंचावर हवं, फांदी बारीक हवी. साप, उंदीर पोचायला नको.

आता कुणी विचारेल, एवढी निवडानिवड कशाला? केळीचं बघा. तिला मुनवे फुटतात, नर-मादीची गरजच नाही. पण मुनवा हुबेहूब आईसारखा. जो रोग एका झाडाला मारतो, तो सगळी बाग बसवू शकतो. नर-मादीपासून झालेली पिल्लं मात्र एकसारखी नसतात. निम्मं आईचं, निम्मं बापाचं. एखाद्या रोगात काही गेली तरी काही तगतात. आणि निम्मं बापाचं येणार म्हटल्यावर बाप कोण, हे बघावंच लागतं. मादीच्या अशा निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या नराचं रूप घडत जातं, मोराचा पिसारा त्यातूनच आला, असं डार्विनने 1871 मध्ये लिहिलं. मादीला एवढी पारख असते, हे तेव्हाच्या बऱ्याच विद्वानांना पटलं नाही!

सुगरणीला आणखी एक कारण आहे. घर पुरं झालं, अंडी पडली, की हा गडी जवळच दुसरं अर्धं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. पंधरा दिवस अंडी उबवायची तिने. नंतर पिल्लांच्या चोचीत किडे भरवायचे, तेही बहुतेक तिनेच. चुकीचं घर निवडलं तर तिचा अख्खा हंगाम जातो. त्याचं एक घरटं गेलं तर दुसरं असतं.

मग जिथे पिल्लांचा भार नरावर, तिथे काय होतं? कमळाच्या तळ्यात पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी बघा. त्यात मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. तिथे मादी अंगाने मोठी, आणि नरांसाठी भांडतात त्या माद्या! म्हणजे चोखंदळपणा नराचा की मादीचा, हे पिल्लांचा भार कोण वाहतं त्यावर बरंचसं ठरतं.

यंदा श्रावणात निंदणीला जाल तेव्हा सुगरणीच्या झाडाखाली जरा थांबा. नळी असलेली घरटी मोजा, आणि नळी नसलेली, अर्धवट टोपीसारखीही मोजा. त्यांतली काही अजून विणायची असतील. काही मात्र तिने येऊन, बघून नाकारलेली असतील.