मोजलेली हवा



आज एका आवाजाविषयी बोलायचं आहे. रस्त्यावरून एखादी गाडी जोरात येते, चालवणारा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो आणि बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज सुटतो. प्रेशर कुकरची शिट्टी चमच्याने वर उचलली की वाफ सुटते ना, अगदी तसाच. माझ्या गाडीला हा आवाज दोन वर्षं होता आणि तो मला मनापासून आवडायचा. गेल्या पावसाळ्याआधी मी हा आवाज करणारा व्हॉल्व्ह काढला आणि गाडीच्या मूळच्या व्हॉल्व्हसारखा नवा बसवला.

गाडी म्हणजे जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो, ताकद दीडशे हॉर्सपॉवर. २००४ च्या सुमारास ती आपल्याकडे आली. टर्बो म्हटलं की डिझेल गाडी, असाच तेव्हा समज होता. मी ती सेकंडहॅन्ड घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने हा बाहेरचा व्हॉल्व्ह आधीच बसवलेला होता. चकचकीत ॲल्युमिनियमचा, हातात धरला तर जड लागणारा.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक पंखा फिरवतो आणि त्यामुळे फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. गियर बदलताना तुम्ही पाय उचलता तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी असलेली झडप मिटते. पंखा मात्र लगेच थांबत नाही. दाबलेल्या हवेला पुढची वाट उरत नाही, म्हणून ती मागे फिरून पंख्यावरच आदळते. हे टाळायला मधल्या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो. कंपनीचा व्हॉल्व्ह ती हवा आतल्या आत वळवून टर्बोच्या तोंडाशी परत आणतो. बाहेरचा व्हॉल्व्ह ती उघड्यावर सोडतो. आपल्याला आवडणारा ‘फुस्स’ म्हणजे ही बाहेर गेलेली हवा.

आता खरी गोष्ट. या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे एक सेन्सर आहे. आत शिरणारी हवा तो मोजतो आणि गाडीचा कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. तुम्ही परातीत पीठ मोजून घेतलंत, त्या हिशेबाने पाणी ओतलंत आणि तेवढ्यात कुणी मूठभर पीठ काढून नेलं. कणीक सैल होणारच. इंजिनाचंही तेच होतं. हवा मोजून झालेली असते, पण ती सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पेट्रोल मात्र पोहोचतं.

उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला, तर कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, तिथे फारसं बिघडत नाही. घोटाळा होतो तो गियर बदलताना आणि पाय अर्धवट उचलताना. शहरात दिवसभर आपण दुसरं काय करतो? माझी गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक आचका द्यायची, मागून काळा धूर निघायचा आणि कधी सायलेन्सरमधून ‘फट’ व्हायचं. प्लग काढून पाहिले तर काजळीने माखलेले. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापतो आणि आतून खराब होतो. सिग्नलला उभं राहिल्यावर आयडलिंगही खाली-वर व्हायचं, कारण स्प्रिंग मऊ असली की व्हॉल्व्ह तिथेही किंचित उघडा राहतो आणि न मोजलेली, न गाळलेली हवा आत ओढली जाते.

काही इंजिनांत हवा मोजत नाहीत, पुढच्या नळीतला दाब मोजून तिचा अंदाज घेतात. तिथे उघड्यावर सोडणारा व्हॉल्व्ह एवढा त्रास देत नाही. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला चालतं ते आपल्या गाडीलाही चालेल, असं धरू नये.

शेवटी मूळचा व्हॉल्व्ह परत बसवायचं ठरवलं. तो डिकीत, स्टेपनीखाली एका पिशवीत सापडला. प्लॅस्टिकचा, काळा, मुठीएवढा. तो पाहिल्यावर वाटलं, हा चालेल का? आमच्या मिस्त्रींनी तो हातात घेतला, खालची टोपी अंगठ्याने वर दाबली, वरच्या बारीक नळीच्या तोंडावर दुसरं बोट घट्ट धरलं आणि अंगठा सोडला. टोपी वर अडकून राहायला हवी होती, ती सावकाश खाली आली. “पडदा फाटलाय दादा,” ते म्हणाले. आतला रबरी पडदा वयाने चिरतो आणि मग दाबलेली हवा गळून पिकअप जातो. मला वाटतं, बाहेरचा व्हॉल्व्ह बसवायचं मूळ कारण हेच असावं. जुना गळत होता, म्हणून नवा आणला, आणि आणताना आवाजाचा आणला.

नवा, तसाच काळा प्लॅस्टिकचा मागवला. जोडायला तासभर लागला. टर्बोकडे हवा नेणाऱ्या पाइपचं एक तोंड रबरी बुचाने बंद केलेलं होतं, ते बूच काढलं. परतीचा होज कडक झाला होता, म्हणून त्याची टोकं गरम पाण्यात धरून मऊ केली. मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी वाकवली तर भेगा दिसल्या, तीही बदलली. नवीन क्लिपा, सगळे सांधे पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहिले.

पुढच्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा असं चाललं होतं. पाय उचलला की काटा सरळ खाली यायचा, पाय ठेवला की गाडी लगेच ओढायची. आचका नाही, धूर नाही. काच खाली करून कान दिला, तेव्हा बॉनेटखाली, ट्रकच्या घरघरीत जेमतेम ऐकू येईल असा, एक हलका सुस्कारा कानावर आला. ती हवा पुन्हा टर्बोकडे परत चालली होती.