मजला कोणता आणि मोकळी जागा किती?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)



सचिव म्हणाले, "काकाजी, तुम्ही जन्मभर नकाशे काढले, तर पाच मिनिटं बोला." आता ज्याला बोलता येत नाही तोच नकाशे काढतो, हे त्यांना कोण सांगणार? पण पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतोय, म्हणून उभा राहिलो. खालच्या पार्किंगला, म्हणजे आपल्या स्टिल्टला, भिंती घालायच्या, दोन गाळे काढायचे आणि त्यांच्या भाड्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, असा तो ठराव. गच्ची गळते हे खरंच आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमधल्या बादल्या मी स्वतः मोजल्या आहेत.

रिक्षावाल्याला आपण सांगतो, "चार मजली बिल्डिंगपाशी थांब." नकाशावर मात्र लिहिलंय, पार्किंग अधिक तीन मजले. मग खरं कोणतं? दोन्ही खरं.

राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली आली, २०१६ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात मजल्याची व्याख्या साधी आहे. एका फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतचा भाग म्हणजे मजला. वर फरशी नसेल तर छतापर्यंत. दोन मजल्यांमधला सामान ठेवायचा पोटमाळा, दीड मीटरपर्यंत उंचीचा, हा काही मजला नव्हे. इमारतीची उंची मोजायची ती भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून. सरासरी कशाला? कारण प्लॉट उताराचा असला की प्रत्येक जण आपल्या सोयीच्या कोपऱ्यातून टेप धरतो! गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, कठडा हे उंचीत धरत नाहीत.

एवढी मोजामोजी कशासाठी? तर इमारतीभोवती किती जागा सोडायची ते ठरवण्यासाठी. आपण त्याला मार्जिन म्हणतो, सरकारी कागदात 'सामासिक अंतर' असतं. बालमित्रांनो, तुम्ही वहीत समास सोडता ना, तोच हा शब्द. समासात कोणी गणित सोडवलं तर बाई रागावतात की नाही?

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. वणीसारख्या नगर परिषदाही त्यात आल्या. कमी उंचीच्या इमारतींना प्लॉट आणि रस्ता पाहून अंतर ठरतं, उंच इमारतींना उंचीच्या प्रमाणात. एक सोपं गणित करू. पाचव्या हिश्श्याचा हिशेब घ्या. राहायचे मजले १८ मीटर असतील तर बाजूला ३.६० मीटर सोडायचे. त्याखाली ३ मीटरचं पार्किंग आहे. ते धरलं तर उंची २१ मीटर, आणि सोडायची जागा ४.२० मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला ६० सेंटिमीटरचा, दोन फुटांचा फरक. नियम ही पार्किंगची उंची या हिशेबात धरत नाही, ती सवलत आहे.

आपली इमारत बुटकी आहे, तिला हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही. पण सवलतीमागचं कारण आपल्यालाही लागू आहे. पार्किंग चहूबाजूंनी उघडं असतं, त्यातून वारा खेळतो, आणि मुख्य म्हणजे गाड्या तिथे राहतात, मार्जिनमध्ये येत नाहीत. म्हणून चटई क्षेत्रातही ते धरलं जात नाही. तिथे भिंती घातल्या की तो पूर्ण मजला झाला. वर एक वीट न चढवता इमारत कायद्याने एक मजला वाढली. चटई क्षेत्र वाढलं आणि गाड्या मार्जिनमध्ये आल्या. मार्जिन कमी पडलं म्हणून इमारत काही बाजूला सरकवता येत नाही, बाप्पा!

आता एक कबुली. नकाशा काढणारा मी, पण समासात पहिला मीच लिहिलं. आपल्या मागच्या जिन्याकडे जाणारं मार्जिन दहा फुटांचं. त्यात मी चार फुटांचं पत्र्याचं शेड टाकलं, कुलर आणि वॉशिंग मशीन ठेवायला. कोणी काही बोललं नाही, कारण काकाजी नियम जाणतात! त्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या सौंच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स गेटाशी आली आणि तिथेच थांबली. उरलेल्या सहा फुटांत ती शिरेना. स्ट्रेचर आणलं, तर मध्ये स्कूटर लावलेल्या. शेवटी शेजारच्या पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. ती बरी झाली, आज समोरच्या रांगेत बसली आहे आणि मी हे सांगतोय म्हणून माझ्याकडे डोळे वटारून पाहते आहे. तिसऱ्या दिवशी मी ते शेड काढलं. त्या रात्री मला नियमाचं कारण कळलं, चाळीस वर्षं तो नकाशावर काढून कळलं नव्हतं.

ठरावाला माझा विरोध पैशासाठी नाही. गच्ची दुरुस्त झालीच पाहिजे. सिंकिंग फंडात काय आहे ते आधी पाहू, कमी पडेल ते सगळ्यांनी वाटून हप्त्याने देऊ. गाळे तळाशी काढले तरी छप्पर सगळ्यांचंच आहे. कामाचं अंदाजपत्रक मी फुकट करून देईन. आणि तरीही गाळे हवेच असतील तर मतदानाआधी नगर परिषदेत नकाशा दाखवून लेखी विचारू, नंतर नको.

मत तुमचं आहे. माझी विनंती एवढीच की मत देण्याआधी एकदा खाली या. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी टेप घेऊन मागच्या जिन्यापाशी उभा असेन. दहा फूट म्हणजे किती, ते सगळे मिळून मोजू. चहा आमच्याकडे.