आधी पहिलीच्या वर्गात चला



सकाळपासून बदलापूरच्या मांजर्लीतल्या या साहित्य मेळाव्यात एकच गाऱ्हाणं ऐकते आहे : मराठीला वाचक उरला नाही. कुणी मोबाइलला बोल लावला, कुणी इंग्रजी शाळांना, कुणी सरकारला. मला हे निदान मान्य नाही. अध्यक्षानं शेवटी उठून सगळ्यांचं गोड कौतुक करायचं असतं, तेही माझ्याच्यानं होणार नाही. वाचक मोबाइलनं पळवलेला नाही. मोबाइल हातात यायच्या आधीच, पहिली-दुसरीच्या वर्गात, तो आपल्याकडून निसटलेला असतो. आणि आपण लिहिणारी माणसं त्या वर्गात कधी डोकावलेलोच नाही.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, बरीचशी पहिलीवर. वाचायला कसं शिकवावं याबद्दल दोन तट तेव्हाही होते, आजही आहेत. दोन्हींचा मला राग आहे आणि तो आज मी लपवणार नाही.

एक तट बाराखडीवाल्यांचा. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि शब्द, वाक्य, गोष्ट त्यानंतर सवडीनं. वर्गभर ‘क का कि की’ सुरात चालतं. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, काय छान शिकतायत! त्याच मुलासमोर नुसता ‘कू’ लिहून दाखवा. ते ‘क’पासून सगळा सूर म्हणत, बोटं मोजत तिथवर येईल. ही चाल पाठ झाली आहे, अक्षर ओळखता आलेलं नाही. आणि वर्षभर ज्या मुलाला छापलेल्या कागदातून काहीच मजेचं कळलं नाही, त्यानं पुस्तकावर का जीव लावावा?

दुसरा तट म्हणतो, अक्षरं शिकवूच नका, मूल आपलं आपण ज्ञान रचतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी या विचारानं खपून काम केलं, ते पाहायला राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक गेले. परत आल्यावर अनेक शाळांनी काय केलं? वर्गाच्या फरश्या रंगवल्या आणि तेवढ्यालाच ज्ञानरचनावाद म्हटलं. बोलणं मुलाला आपसूक येतं, कारण घरात, अंगणात, ओट्यावर ते सतत कानावर पडतं. लिपी तशी येत नाही. ती माणसानं घडवलेली वस्तू आहे आणि ती कुणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते. हे लोक मॉन्टेसरीबाईंचं नाव घेतात म्हणून सांगते : १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढणाऱ्या त्या बाईंनीच खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांची बोटं त्यांवरून फिरवली. अक्षर टाळा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. १९२६ साली बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर आदिवासी लेकरांत राहिलेल्या ताराबाई मोडकांचं नाव घेऊन न शिकवण्याचं समर्थन करणं, हा त्या बाईंवर अन्याय आहे.

आता तिसरं खूळ आलं आहे. बदलापूर स्टेशनातून बाहेर पडा, भिंतीभिंतीवर फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणाऱ्या, शिकवण्यांच्या जाहिराती दिसतील. इंग्रजीत हा वाद जुना आहे. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकेतल्या पालकांना सांगितलं की तुमची मुलं वाचत नाहीत, कारण त्यांना अक्षरांचे आवाज शिकवलेच जात नाहीत. १९६७ साली केन गुडमन यांनी उलट मांडलं : वाचन म्हणजे अर्थाच्या आधारानं केलेला अंदाज. त्या अंदाजाच्या नादात कित्येक वर्षं गेली. २००० साली तिथल्या राष्ट्रीय समितीनं पुरावा तपासून सांगितलं की आवाज पद्धतशीर शिकवल्यानं फायदा होतो. इंग्लंडनं तर २०१२पासून सहा वर्षांच्या मुलांची तशी चाचणीच सुरू केली. ठीक. पण तो रोग इंग्रजी स्पेलिंगचा आहे. तिथलं औषध मराठी मुलाला जसंच्या तसं का पाजता?

मराठीची अडचण वेगळी आहे. आपलं अक्षर बहुधा इमानी असतं. ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च वेगळा, असे अपवाद थोडे. पण अक्षरं किती! ३४ व्यंजनं, प्रत्येकाची १२ रूपं, म्हणजे ४०८ आकार, आणि जोडाक्षरं अजून बाकीच. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला र अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘घर’ वाचताना मूल ‘घ’ म्हणतं, ‘र’ म्हणतं, दोन्हींमागे अ ओढतं. त्या दोन तुकड्यांतून दार-खिडक्यांचं घर उभं राहायला त्या शेवटच्या अ-ला गिळावं लागतं, हे त्याला कुणी सांगत नाही. जिथे मूल अडतं ती जागा हीच. पहिलीच्या शिक्षकाला हे माहीत हवं. ते त्याला कुठल्या प्रशिक्षणात नीट, हातात खडू देऊन शिकवलं जातं, ते मला दाखवा.

पुरावा हवा? लांब जायला नको. वाडा तालुका २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड वर्गांत अभ्यासकांनी त्याच मुलांचा तीन वर्षं माग ठेवला. अहवाल २०१७ साली आला. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलं सोपा मजकूर समजून वाचू शकत नव्हती, आणि लेखन म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचं वहीत उतरवणं. पुस्तक पुढे जात राहिलं, मूल मागे राहिलं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकली फक्त २३.४ टक्के. आणि ‘असर’ ग्रामीण भागाची पाहणी करतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर त्यात नाहीत. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आईबापांचं मांजर्लीतलं मूल त्या टक्क्यांतही मोजलं जात नाही. वाडीतून येणारं कातकऱ्याचं, ठाकराचं मूल घरी वेगळं बोलतं. पुस्तकातला शब्द त्यानं कधी ऐकलेलाच नसतो आणि आपण त्याला मंद ठरवून मोकळे होतो.

भाषेवर वाद घालता घालता वाचन कसं निसटतं, ते पाहायला शेजारच्या उल्हासनगराकडे बघा. १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांचं ते शहर झालं. सिंधी देवनागरीत शिकवायची की अरबी वळणाच्या लिपीत, यावर कडाक्याचा वाद झाला. १९५१पर्यंत केंद्र सरकारनं दोन्ही लिप्या मान्य केल्या. आज त्या शहरातल्या किती नातवंडांना आजोबांचं पत्र कुठल्याही लिपीत वाचता येतं? आपणही त्याच वाटेवर आहोत. एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा राज्य सरकारचा निर्णय आला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला सगळंच मागे घ्यावं लागलं. तो विरोध योग्य होता, मीही त्यात होते. पण त्या अख्ख्या गदारोळात एकाही व्यासपीठावरून कुणी विचारलं का, की पहिलीत आज जी मराठी आहे, ती मुलाला वाचता येते का? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, आणि त्यात काय शिकवा हेही सांगितलं : वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब. इतकं साधं, इतकं नेमकं मागणारा माणूस आज मला दिसत नाही.

वाट नाही असं नाही. फलटणला भाषावैज्ञानिक मॅक्सिन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता मराठी वाचनाचा विचार केला, त्यातून कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. वाड्यातल्या सोनाळ्याला क्वेस्ट संस्था हेच काम करते. माझ्या वर्गातला अनुभवही तोच आहे. अक्षरं थेट शिकवा, पण पाच-सहाच. काना त्याच आठवड्यात. त्याच दिवशी त्यांचे शब्द, त्याच दिवशी मुलाच्या हातून मोडकंतोडकं लिहिणं. आणि रोज, न चुकता, मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणं, तिच्यावर भरपूर गप्पा. अर्थ आणि अक्षर यांची ताटातूट पहिल्या दिवशीसुद्धा करू नका.

इथे तुमचा संबंध येतो, लेखकांनो. म, क, न, ल, र, स आणि काना एवढं आलं की मामा, काका, कान, नाक, लाल, रान, कमान, सासर वाचता येतात. ड आला की माकड येतं. त आला की माकड रानात, आणि तिथून गोष्ट सुरू होते. इतक्याच अक्षरांत मुलाला हसवणारं, घाबरवणारं, पुढचं पान उलटायला लावणारं एक पान लिहून दाखवा. हे काम आपण पाठ्यपुस्तक मंडळावर सोडून दिलं आहे. गझलेचं वृत्त सांभाळता, तर आठ अक्षरांचं बंधन का झेपू नये? वाचक हवा म्हणता ना? त्याचं पहिलं पुस्तक तुम्ही लिहा.

आणि पालकांनो, इंग्रजी माध्यम घेतलंत, मी भांडत नाही. पण मुलाला आधी एक भाषा अस्खलित वाचता येऊ द्या. जी घरात बोलता तिच्यातून ते लवकर जमतं. शिक्षण खात्याला एवढंच सांगते : पायाभूत साक्षरतेची निपुण भारत मोहीम ५ जुलै २०२१ला सुरू झाली, मुदत २०२६-२७ची. तिसरीच्या मुलानं मिनिटाला ६० शब्द वाचावेत हे लक्ष्य आहे. घड्याळ लावण्याआधी त्या मुलाला काय कळलं ते विचारा. आणि पहिलीचा वर्ग शाळेतल्या सर्वांत जाणत्या शिक्षकाकडे द्या. जनगणना, मतदार याद्या, नाना अॅप यांतून त्याला सोडवा.

अध्यक्ष म्हणून मी ठराव मांडते. पुढच्या मेळाव्यात कथा, कविता, कादंबरी यांच्या बरोबरीनं पहिलीच्या मुलासाठी मोजक्या अक्षरांत लिहिलेल्या पुस्तकाला पुरस्कार असावा, आणि त्याचे परीक्षक मांजर्लीतल्या शाळांतली पहिली-दुसरीची मुलं असावीत. ती जे पान आपणहून दुसऱ्यांदा वाचतील, ते जिंकेल. अनुमोदन कोण देतं आहे? हात वर करा, मला मोजायचे आहेत.