तक्रार केली तर पोरीचं शिक्षण सुटेल का?

  हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आम्ही कॉलेजांत, होस्टेलांवर मुलींशी बोलायला जातो. माहिती सांगून झाली की "कुणाला काही विचारायचंय का?" असं विचारतो. तेव्हा सगळ्या गप्प. बोलतात त्या नंतर, दाराशी चपला घालताना. आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, तक्रार केली आणि घरी कळलं तर?" कलम कोणतं, शिक्षा किती, हे सहसा कुणी विचारत नाही. घरचे सामान बांधून गावाकडे नेतील, स्थळं बघायला लागतील आणि शिक्षण तिथंच थांबेल, ही खरी भीती. त्रास देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्याच्याच जोरावर तो वागतो. म्हणून मदतीच्या सोयी सांगताना आज आम्ही हाच प्रश्न धरून बोलणार आहोत.

आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडे आहेत. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला, लातूरला उपकेंद्र. इथं येणाऱ्या कितीतरी मुली घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या. त्यांच्या पाठीशी कोण, याचं उत्तर कायद्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत आणि त्याआधीचा २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यानुसार अंतर्गत समिती असायलाच हवी.

जुनी माणसं तिला अजून 'विशाखा समिती' म्हणतात. ते नाव आलं राजस्थानातून. भंवरीदेवी नावाची साथिन बालविवाह थांबवायला गेली, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर अत्याचार झाला. विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणासाठीचे नियम आले. एका बाईनं लहान पोरींची लग्नं अडवायला जाऊन सोसलं, त्यातून ही समिती आली. आणि आपल्याकडे पोरी समितीकडे जात नाहीत, कारण लग्न लावून देतील ही भीती!

समितीची अध्यक्ष बाईच असते. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही असतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्यांना तिच्यात बसता येत नाही, आणि हे फार बरं केलंय. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहायला जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. नुसत्या वर्गातलंच नाही, सहलीत, युवक महोत्सवात, खेळाच्या स्पर्धेत घडलेलंही यात येतं. त्रास मुलाला झाला असेल तर त्यानंही गप्प बसायचं कारण नाही.

आता शिक्षणाचं. हा भाग नीट ऐका, कारण तो मुलींना कुणी सांगत नाही. चौकशी चालू असतानाच मुलगी समितीकडे संरक्षण मागू शकते. त्रास देणारा सर असेल तर त्यानं तिचे पेपर तपासायचे नाहीत, तोंडी परीक्षा घ्यायची नाही, गुण द्यायचे नाहीत. त्याला दुसऱ्या विभागात हलवता येतं. तिच्यापासून लांब राहायची ताकीद देता येते, धोका उघड असेल तर परिसरात यायला बंदी घालता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्यात तिचं काही नुकसान व्हायला नको, असंही नियमात आहे. म्हणजे हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाही, असं तिला सांगता येणार नाही. पण हे सगळं मागावं लागतं. म्हणून तक्रारीच्या शेवटी चार ओळी वाढवायच्या: मला हजेरीची, परीक्षेची, राहण्याची अशी अशी सोय करून द्या. तक्रारीची पोच घ्यायची आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची.

"जाऊ द्या, मिटवून घ्या" म्हणणारे भेटतातच. समझोता फक्त मुलीनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच, असं कायदा म्हणतो. दुसरी धमकी असते, "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल." तसं नाही. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. समितीत बोललेलं बाहेर सांगायलाही बंदी आहे.

गुन्हा मोठा असेल, अंगावर हात टाकला असेल, बलात्कार झाला असेल, तर समितीची वाट बघायची नाही. आधी दवाखाना गाठायचा. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय विष्णुपुरीतच आहे. सरकारी असो की खासगी, अशा पेशंटवर पहिले उपचार फुकट करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. नाकारणं हा गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणूनच्या आणि एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांच्या आत. शक्यतो अंघोळ करू नये. कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. दोन बोटांची ती जुनी अपमानाची तपासणी करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये परत बजावलंय.

पोलीस ठाणं कोणतंही चालतं. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून माघारी यायचं नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची. मुलीचं नाव छापणं, पसरवणं हाही गुन्हा आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव टाकणाऱ्या शेजाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगा.

लातूरचं थोडं वेगळं आहे. तिथं अकरावी-बारावीच्या, नीटच्या तयारीच्या मुली ट्यूशन एरियात खोल्या घेऊन राहतात. क्लासला आयोगाचे नियम लागत नाहीत, पण २०१३ चा कायदा लागतो. क्लासमध्ये दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथं अंतर्गत समिती हवी. नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि यातल्या बऱ्याच मुली अठराच्या आतल्या. तिथं पोक्सो कायदा येतो. विष्णुपुरीतली वीस वर्षांची मुलगी पोलिसांत जायचं की नाही हे स्वतः ठरवू शकते, आपण फक्त सोबत राहायचं. पण सतरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचं घरमालकिणीला, मेसवाल्या काकूंना, रेक्टरबाईंना कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकीवर बंधनकारक आहे. "तिच्या बदनामीसाठी गप्प राहिलो" हे कारण चालत नाही. म्हणून अशा मुलीला खोटं वचन देऊ नका की मी कुणालाच सांगणार नाही. "तुझ्याबरोबर मी येते" एवढं सांगा.

फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे पाठवायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, १९३० ला फोन करायचा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२, रात्री-बेरात्रीही. जातीवरून छळ झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात अर्थसाहाय्य तर आहेच, पण तपासाला आणि कोर्टाला यायचा प्रवास खर्चही मिळतो. गावाकडून तारखेला येणाऱ्यांना त्या भाड्याचं मोल माहीत आहे.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. बलात्कार, ॲसिड हल्ला, लहान मुलांवरचे अत्याचार यांसाठीच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथंच. आणि 'सखी' केंद्रात समुपदेशन, पोलीस, दवाखाना, वकील यांच्याशी गाठ घालून देतात, राहायला जागा नसेल तर चार-पाच दिवस ठेवूनही घेतात.

आयांनो, एक तुमच्यासाठी. पोरीचा फोन आला आणि ती रडत असेल, तर "मी म्हणलं नव्हतं का" हे शब्द गिळून टाका. "आत्ता कुठं आहेस, जवळ कोण आहे" हे विचारा. आणि "शिक्षण बंद करणार नाही" हे त्याच फोनवर सांगा. वडिलांना काय आणि कधी सांगायचं ते मग तुम्ही दोघी मिळून बघा.

आता पेन घ्या, कॅलेंडरच्या मागं लिहिलं तरी चालेल. तातडीला ११२. महिलांसाठी १८१, सखी केंद्राचा पत्ताही तिथं विचारा. अठराच्या आतल्यांसाठी १०९८. फुकट वकिलासाठी १५१००. आणि मुलींनो, उद्या कॉलेजात गेलात की नोटीस बोर्डावर समितीची नावं शोधा. ती लावणं बंधनकारक आहे. दिसली नाहीत तर दोघी-तिघी मिळून ऑफिसात जा आणि विचारा.