आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : जोर आणि नेम

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक कोकणाच्या ओळखीची आहे. तिची नळी चांगली दोन हात लांब, कारण काळ्या दारूच्या वायूला गोळी ढकलायला तेवढी वाट लागते. म्हणून ‘नळी लांब तेवढा जोर’ ही समजूत आपल्याकडे मुरली आहे आणि खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरलाही आपण तीच लावतो. माझे म्हणणे असे, की आखूड नळीत जोर जातो तो थोडा. नेम जातो तो अधिक.

आधी जोराचा हिशेब पाहू. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा दाब गोळी जागची हलताच शिखराला पोहोचतो आणि मग झपाट्याने उतरतो, त्यामुळे नळीचा पुढचा प्रत्येक इंच आधीच्यापेक्षा कमी वेग देतो. ‘.३८ स्पेशल’ काडतुसासाठी ४ इंचांची नळी २ इंचांवर आणली, तर वेग साधारण दहा टक्क्यांनी घटतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे ती एकोणीस टक्क्यांनी उतरते. ही घट खरी आहे, पण शस्त्र निकामी करणारी नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरची नळी काडतुसांच्या चक्रापुढून मोजतात, पिस्तुलाची मात्र काडतुसाच्या घरासकट. तेव्हा दोन्हींचे आकडे शेजारी मांडणे फसवे ठरते.

नेमाचे गणित वेगळे. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत दोन काठ्या वीतभर अंतरावर रोवून रत्नदुर्ग किल्ल्याकडे रेघ धरा, मग त्याच काठ्या दहा पावलांवर रोवा. दिशा कुठे पक्की सापडते ते लगेच कळेल. मागची खाच आणि पुढची माशी यांत १०० मिलिमीटर अंतर असेल, तर माशीची एक मिलिमीटर चूक १० मीटरवर १०० मिलिमीटर होते. अंतर १५० केले की ती ६७ वर येते. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नळीला १५३ आणि या अंतराला २२० मिलिमीटरची कमाल मर्यादा आहे. २०१८ साली पालेम्बंगला आशियाई सुवर्ण जिंकताना कोल्हापूरच्या राही सरनोबत याच प्रकारात खेळल्या. लांबीचा फायदा नसता, तर तिच्यावर मर्यादा घालायचे कारण उरले नसते. नळी आखूड म्हणून गोळी वाकडी जात नाही. माणसाची चूक तेवढी मोठी होते.

यावर आक्षेप येईल, की स्वसंरक्षणाचा प्रसंग दोन मीटरवरचा, तिथे माशी पाहतो कोण? बरोबर आहे, तिथे ती एक मिलिमीटर चूक फक्त २० मिलिमीटर होते. पण घाबरलेल्या हाताची चूक मिलिमीटरभर राहत नाही. चापाची जड ओढ आखूड, हलके तोंड सहज वळवते. लांब नळीचे पुढचे वजन त्याला आवर घालते. २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ चे, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले. तेच काडतूस ७०० ग्रॅमच्या शस्त्रातून झाडले, तर त्या तुलनेत ५०० ग्रॅमच्या शस्त्राच्या धक्क्याची ऊर्जा चाळीस टक्के जास्त भरते. पर्समध्ये जे हलके, ते हातात अवघड. शस्त्र नियम २०१६ परवान्यासाठी प्रशिक्षण मागतात. ते लांब नळीच्या सोयीच्या शस्त्रावर न उरकता, जे बाळगायचे त्याच आखूड शस्त्रावर द्यावे.